छातीइतक्या पाण्यात: जलव्यायाम आणि पुनर्वसन

जलव्यायामोपचार म्हणजे कोमट पाण्याच्या तलावात, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या नेमक्या दुखण्यासाठी आखून दिलेला व्यायाम. गुडघ्यांची झीज, जुनी कंबरदुखी, सांधेरोपणानंतरचे आठवडे, पक्षाघातानंतर गेलेला तोल, पार्किन्सन, सेरेब्रल पाल्सी असलेली मुले, फुप्फुसांचे जुनाट आजार अशा अनेक ठिकाणी तो वापरला जातो. त्यासाठी पोहता यावे लागत नाही. बहुतेक रुग्ण तलावात उभेच असतात, पाणी कमरेपासून खांद्यापर्यंत कुठेतरी असते आणि डोके भिजतही नाही.

गरम पाण्याच्या कुंडातले स्नान, कटिस्नान, ओल्या चादरी, वाफ हे सारे जलचिकित्सेच्या जुन्या परंपरेत येते. तिथे शरीर स्वस्थ असते आणि गुण पाण्याचा, अशी समजूत असते. जलव्यायामात काम करतात ते रुग्णाचे स्वतःचे स्नायू; पाणी ते काम शक्य करून देते, कधी सोपे करते आणि कधी मुद्दाम अवघड करते. पुरावा तपासताना हा फरक सतत लक्षात ठेवावा लागतो. चाचण्यांतून जे हाती आले आहे ते व्यायामाबद्दलचे आहे, आणि त्याच्या जोरावर कुंडातल्या स्नानाचे किंवा वाफेचे गुण सांगणे चुकीचे आहे.

पाणी शरीराशी काय करते

पाण्यात उतरलेल्या शरीरावर एकाच वेळी चार गोष्टींचा परिणाम होतो: वर ढकलणारे प्लावक बल, चहूबाजूंनी पडणारा दाब, हालचालीला होणारा अवरोध आणि तापमान. उपचाराची सारी आखणी या चारांवर उभी आहे.

आर्किमिडीजचा सिद्धांत शाळेत सगळेच शिकतात. शरीराचा जेवढा भाग पाण्यात बुडतो, तेवढ्या जागेतल्या पाण्याच्या वजनाइतके बल त्याला वर ढकलते. हॅरिसन आणि बुलस्ट्रोड या ब्रिटिश संशोधकांनी १९८७ मध्ये वेगवेगळ्या खोलीच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसांच्या पायांवर किती भार येतो हे मोजले. पाणी कटिभागाच्या पुढच्या हाडांपर्यंत असताना स्त्रियांच्या पायांवर शरीराच्या वजनाचा सुमारे ४७ टक्के भार येतो आणि पुरुषांच्या पायांवर सुमारे ५४ टक्के. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पाणी आले की हे आकडे अनुक्रमे २८ आणि ३५ टक्क्यांवर उतरतात. मानेपर्यंतच्या पाण्यात जेमतेम ८ ते १० टक्के भार उरतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या बाईच्या पायांवर जमिनीवर ६० किलोंचा भार असतो, छातीइतक्या पाण्यात सुमारे १७ किलोंचा आणि गळ्याइतक्या पाण्यात पाचेक किलोंचा. स्त्री-पुरुषांतला फरक मुख्यतः शरीरातील चरबीचे प्रमाण आणि वजनाची विभागणी यांमुळे पडतो.

हे आकडे स्थिर उभे राहतानाचे आहेत. चालू लागले की भार वाढतो आणि भरभर चालले की आणखी वाढतो. तरीही यातून उपचारकाच्या हाती एक साधन येते, जे जमिनीवर सहजासहजी मिळत नाही. मोडलेले हाड जुळत आलेल्या रुग्णाला शल्यविशारदाने अर्धाच भार द्यायला सांगितले असेल, तर कुबड्यांवर तो अंदाज राखणे कठीण असते. तलावात पाण्याची पातळी बदलली की भार बदलतो. पहिल्या आठवड्यात खांद्याइतके पाणी, पुढे छातीइतके, मग कमरेइतके, अशी पायरीपायरीने जमिनीकडे वाटचाल करता येते. खोली हीच इथली मात्रा. कमी बुडवायचे की जास्त, हा निर्णय औषधाच्या गोळीइतक्याच काळजीने घ्यावा लागतो.

पाण्याचा दाब डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात चारांपैकी सर्वांत खोलवर जाणारा परिणाम त्याचाच. पाण्यात दर १.३६ सेंटिमीटर खोलीला एक मिलिमीटर पारा इतका दाब वाढतो. १२० सेंटिमीटर खोलीवर असलेल्या घोट्याभोवती तो सुमारे ८८ मिलिमीटर होतो, म्हणजे निरोगी माणसाच्या रक्तदाबाच्या खालच्या आकड्याहून थोडा जास्तच. सुजलेल्या पायातले पाणी वर सरकायला यापेक्षा चांगली पट्टी कोणी बांधू शकत नाही, कारण हा दाब तळाशी जास्त आणि वर कमी असा आपोआप उतरता असतो.

हेच रक्तालाही लागू पडते. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पायांतून आणि पोटातून सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकते. हृदय जास्त भरते, एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त सुमारे एक तृतीयांशाने वाढते आणि निरोगी माणसाच्या नाडीचा वेग सहसा थोडा कमी होतो. मेंदूला वाटते की शरीरात पाणी जास्त झाले आहे, म्हणून मूत्रपिंडांना ते बाहेर टाकण्याचा संदेश जातो. तलावात थोड्या वेळाने लघवीला जावेसे वाटते ते यामुळे. वजनरहित अवस्थेत शरीराचे काय होते हे पृथ्वीवरच अभ्यासता यावे म्हणून अंतराळ संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात माणसांना गळ्याइतक्या पाण्यात तासन् तास बसवत, ते याच साम्यामुळे. श्वासाचेही तसेच. बरगड्यांवर बाहेरून दाब आणि आत वाढलेले रक्त यांमुळे श्वास घेण्याचे श्रम सुमारे ६० टक्क्यांनी वाढतात. सुदृढ माणसाला ते जाणवतही नाहीत, आणि श्वासाच्या स्नायूंना त्यातून व्यायाम मिळतो. पण ज्याचे हृदय आधीच थकलेले आहे किंवा फुप्फुसांची क्षमता फार कमी उरली आहे, त्याच्यासाठी तेच पाणी धोक्याचे ठरू शकते. ‘पाण्यात काय, नुसते उभे तर राहायचे!’ असे म्हणणाऱ्यांना हे आकडे दाखवायला हवेत.

अवरोधाचा नियम सोपा आहे: हालचालीचा वेग दुप्पट केला की पाण्याचा अवरोध सुमारे चौपट होतो. हात सावकाश फिरवला तर पाणी आधार देते, जोरात फिरवला तर डंबेलचे काम करते, आणि दुखले म्हणून हात थांबवला की अवरोध तिथल्या तिथे संपतो. जिममधले वजन दुखल्यावरही हातातच राहते. पाण्यात रुग्ण स्वतःच्या वेदनेनुसार क्षणोक्षणी व्यायाम कमीजास्त करू शकतो. तोल गेला तर पडण्याचा वेगही मंदावतो, त्यामुळे सावरायला वेळ मिळतो. पडण्याच्या धास्तीने घरात भिंत धरून चालणाऱ्या वृद्धांसाठी या मोकळिकीचे मोल मोठे आहे.

तापमानाबाबत एकच आकडा सर्वांना चालत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून दोन-चार अंशांचा फरकही शरीराला लगेच कळतो. स्पर्धेच्या तलावात पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असते, कारण तिथे शरीर तापते. उपचाराच्या तलावात ते साधारण ३३ ते ३५ अंश ठेवतात, म्हणजे संथ हालचाल करणारा रुग्ण कुडकुडत नाही आणि आखडलेले स्नायू सैल पडतात. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार असलेल्यांना मात्र उष्णतेने अशक्तपणा वाढतो. त्यांच्यासाठी २७ ते २९ अंशांचे थंडसर पाणीच योग्य. आपल्याकडचे बहुतेक नगरपालिका तलाव तापवलेले नसतात. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात अशा तलावात सांधेदुखीच्या रुग्णाला उतरवणे हा उपचार नव्हे.

कुंडापासून तलावापर्यंत

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात पाण्याचा बोलबाला झाला तो थंड पाण्याच्या प्रयोगांमुळे. ऑस्ट्रियन सिलेशियातल्या ग्रेफेनबर्ग इथे विन्सेंझ प्रिस्निट्झने आणि नंतर बव्हेरियात सेबॅस्टियन क्नाइप या पाद्र्याने ओल्या पट्ट्या आणि थंड स्नानांच्या उपचारांनी हजारो लोक खेचून घेतले. लाइपझिगच्या लुई कूनेची कटिस्नाने महात्मा गांधींमार्फत भारतात पोहोचली. १९०२ मध्ये मुंबईत मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला तेव्हा गांधींनी त्याच्यावर कूनेची स्नाने आणि ओल्या चादरीचा प्रयोग केला, हे त्यांच्या आत्मकथेत आले आहे. पुढे १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन इथे त्यांनी निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले आणि ते आजही चालू आहे. महाराष्ट्रात जलचिकित्सा म्हटले की आधी हे चित्र डोळ्यांपुढे येते. जलव्यायामाची वाट मात्र वेगळ्या ठिकाणाहून निघाली, आणि ती निघाली पोलिओमुळे.

लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स लोमन हे अस्थिशल्यविशारद पोलिओ झालेल्या मुलांवर उपचार करत होते. पाण्यात मुलांचे लुळे पाय हलतात हे पाहून त्यांनी १९२४ मध्ये रुग्णालयातल्या शोभेच्या तळ्याचे उपचारासाठीच्या तलावांत रूपांतर केले. पाण्याखालच्या व्यायामांवर त्यांनी १९३७ मध्ये पुस्तकही लिहिले. त्याच १९२४ सालच्या ऑक्टोबरात फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे पहिल्यांदा आले. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ३९व्या वर्षी, त्यांचे पाय गेले होते. तिथल्या झऱ्याचे पाणी सुमारे ३१ अंशांचे. त्यात ते आधाराशिवाय उभे राहू शकले, पाय हलवू शकले. त्यांनी १९२६ मध्ये ती जागाच विकत घेतली आणि पुढच्या वर्षी तिथे पोलिओग्रस्तांसाठी संस्था उभारली.

वॉर्म स्प्रिंग्जची कथा सांगताना तिचा दुसरा भाग गाळला जातो. रूझवेल्ट यांचे पाय बरे झाले नाहीत. अमेरिकेच्या अध्यक्षपदी असताना, १९४५ मध्ये वॉर्म स्प्रिंग्जलाच मृत्यू येईपर्यंत त्यांना पायांना पोलादी पट्ट्या बांधून आणि कोणाचा तरी हात धरूनच उभे राहता येत असे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशीच नष्ट झाल्या की कोणतेही पाणी त्या परत आणू शकत नाही. तिथे रुग्णांना मिळाले ते उरलेल्या स्नायूंचे बळ, हालचालीचा सराव आणि आपल्यासारख्या इतरांची सोबत. हे थोडे नाही, पण आजार बरा होणे यापेक्षा ते वेगळे आहे. आजच्या जाहिरातींतही या दोन गोष्टींची सरमिसळ होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पद्धतींना आकार आला. जेम्स मॅकमिलन हे द्रवगतीचे जाणकार अभियंते १९४९ पासून लंडनच्या हॅलिविक शाळेतल्या अपंग मुलींना पोहायला शिकवू लागले. अपंग शरीर पाण्यात एका बाजूला का वळते, याचा विचार त्यांनी अभियंत्याच्या नजरेने केला. लुळा हात किंवा आखूड पाय यांमुळे शरीराचा समतोल ढळतो आणि ते फिरते. ते फिरणे आधी ताब्यात आणायला शिकायचे. पाण्याची भीती जाण्यापासून ते साधे हात मारण्यापर्यंत दहा टप्प्यांची त्यांची पद्धत हॅलिविक या नावाने जगभर गेली. तिच्यात हवेचे फुगे किंवा तरंगायची साधने वापरत नाहीत. प्रत्येक शिकणाऱ्यामागे एक माणूस असतो आणि त्याचा हात हळूहळू सुटत जातो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी आणि पक्षाघातानंतरच्या तोलासाठी ही पद्धत विशेष वापरली जाते.

स्वित्झर्लंडमधल्या बाड रागाझच्या उष्ण झऱ्यांवर तयार झालेली पद्धत याच्या अगदी उलट आहे. तिथे रुग्णाच्या मानेला, कमरेला आणि घोट्यांना हवेची कडी लावून त्याला उताणे तरंगवतात. उपचारक छातीइतक्या पाण्यात घट्ट उभा राहून त्याच्या पायाला किंवा हाताला आधार देतो आणि रुग्ण त्या आधारावर जोर लावत स्वतःला पुढेमागे ढकलतो. जपानच्या जुन कोन्नो यांची आय ची म्हणजे खांद्याइतक्या पाण्यात उभे राहून श्वासाच्या लयीत केलेल्या संथ हालचाली. वृद्धांच्या तोलासाठी ती उपयोगी पडते. कॅलिफोर्नियात १९८० च्या सुमारास हॅरल्ड डल यांनी सुरू केलेल्या वात्सूमध्ये रुग्णाला कोमट पाण्यावर झुलवत अलगद ताण देतात. ती सुखद आहे खरी, पण स्नायूंना काम न देणारी असल्याने ती व्यायामापेक्षा मालिशीच्या जवळची आहे. अलीकडे पाण्याखाली चालणारी ट्रेडमिल आली आहे. दुखापतीतून उठणारे खेळाडू तिच्यावर आधी धावतात, मग मैदानावर.

पुरावा काय सांगतो

सर्वांत भक्कम पुरावा गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेबाबत आहे. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये १३ चाचण्या आणि एकूण ११९० रुग्ण एकत्र पाहिले. पाण्यात व्यायाम करणाऱ्यांच्या वेदनेत, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, शंभरपैकी सुमारे ५ गुणांची जास्त घट झाली. रोजची कामे करण्याच्या अडचणीतही साधारण तेवढीच घट झाली आणि जीवनमान सुमारे ७ गुणांनी सुधारले. गंभीर अपाय कोणत्याही चाचणीत नोंदला गेला नाही. फायदा खरा आहे, पण लहान आहे, आणि तो व्यायाम संपल्यानंतरच्या थोड्या काळापुरता दाखवला गेला आहे. ‘पाण्यात गुडघे बरे होतात’ असा दावा करणाऱ्या फलकाने हे पाच गुणही छापावेत.

झिजलेल्या गुडघ्यासाठी जमिनीवरचा व्यायामही उपयोगी आहे आणि त्यामागे चाचण्याही जास्त आहेत. मग पाण्यात जायचे कशाला? कारण जमिनीवरचा व्यायाम ज्यांना जमतच नाही, असे बरेच रुग्ण असतात. वजन ९० किलो, दोन्ही गुडघे सुजलेले, चार पावले टाकली की कळ. अशा रुग्णाला चालायला सांगणे योग्य असले तरी तो चालणार नाही. छातीइतक्या पाण्यात तोच रुग्ण अर्धा तास चालतो. पाण्याचा खरा उपयोग इथे आहे.

हाच मुद्दा फुप्फुसांच्या एका चाचणीतून स्पष्ट होतो. सीओपीडी म्हणजे धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. कोक्रेनच्या २०१३ च्या आढाव्यात ५ चाचण्यांतले १७६ रुग्ण होते. पाण्यात व्यायाम केलेले रुग्ण सहा मिनिटांत, व्यायाम न केलेल्यांपेक्षा सुमारे ६२ मीटर जास्त चालले. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत मात्र मुद्दाम असे ५३ रुग्ण निवडले होते, ज्यांना सीओपीडीबरोबरच लठ्ठपणा, सांधेदुखी किंवा कंबरदुखीही होती. त्यांच्यात पाण्यातला व्यायाम जमिनीवरच्या व्यायामापेक्षा सरस ठरला. दम टिकवून चालण्याची क्षमता तलावातल्या गटाची जास्त वाढली. आजार एकच, पण ज्याचे सांधे साथ देत नाहीत त्याच्यासाठी जागा बदलली की निकालही बदलतो.

कंबरदुखीवर २०२२ मध्ये शांघायमधल्या एका चाचणीचा बराच गाजावाजा झाला. ११३ रुग्णांपैकी अर्ध्यांनी तीन महिने, आठवड्यातून दोनदा, तासभर पाण्यात व्यायाम केला आणि उरलेल्यांना विजेची उत्तेजना आणि अवरक्त किरणांचा शेक मिळाला. वर्षभरानंतरही पहिल्या गटाची स्थिती स्पष्टपणे चांगली होती. निकाल उत्साहवर्धक आहे, पण तुलना कोणाशी झाली हे पाहिले पाहिजे. दुसरा गट पलंगावर पडून शेक घेत होता. त्यामुळे हालचाल ही शेकापेक्षा चांगली, एवढे या चाचणीने पक्के केले. पाणी हे जमिनीपेक्षा चांगले, हे तिच्यातून सिद्ध होत नाही. गल्लोगल्लीच्या दवाखान्यांत महिनोन्‌महिने नुसते शेक आणि मशीन घेणाऱ्या आपल्याकडच्या रुग्णांसाठी मात्र पहिला निष्कर्षही पुरेसा मोलाचा आहे.

सर्वांगदुखीच्या फायब्रोमायल्जिया या आजारात कोक्रेनने २०१४ मध्ये १६ चाचण्यांतले ८८१ रुग्ण तपासले, त्यांत बहुतेक सर्व स्त्रिया होत्या. वेदना, ताठरपणा आणि एकूण स्वास्थ्य यांत सुधारणा दिसली. पाण्यातला आणि जमिनीवरचा व्यायाम बहुतेक बाबतीत सारखेच ठरले. स्नायूंची ताकद मात्र जमिनीवर जास्त वाढली. हाडांचेही असेच आहे. भार पडला तरच हाड मजबूत होते, आणि पाणी तर भार कमी करते. हाडे ठिसूळ झालेल्या बाईने फक्त पाण्यातच व्यायाम करणे म्हणूनच पुरेसे नाही.

सांधेरोपणानंतर किती लवकर पाण्यात उतरावे, हा प्रश्न शल्यविशारदांना जखमेच्या भीतीने सतावतो. जर्मनीत ४६५ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत काहींना शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी, जखमेवर जलरोधक पट्टी लावून, पाण्यात उतरवले आणि काहींना चौदाव्या दिवशी. गुडघा बदललेल्यांचा कल लवकर उतरण्याच्या बाजूने दिसला, खुबा बदललेल्यांचा उलट. फरक निर्णायक नव्हता. भारतातल्या उष्ण, दमट हवेत आणि इथल्या तलावांच्या स्वच्छतेचा विचार करता टाके पूर्ण भरेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे.

पक्षाघाताच्या बाबतीत २०११ पर्यंत कोक्रेनला जेमतेम ४ चाचण्या आणि ९४ रुग्ण सापडले आणि निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही असे सांगावे लागले. नंतरच्या चाचण्यांत तोल आणि चालणे सुधारल्याचे दिसते, पण त्या लहान आहेत. पार्किन्सन आणि सेरेब्रल पाल्सीबद्दलही तसेच. पुरावा पातळ असण्याचे एक कारण उपचाराच्या स्वरूपातच आहे. गोळीची चाचणी घेताना खोटी गोळी देता येते. आपण पाण्यात आहोत की नाही, हे रुग्णापासून लपवता येत नाही. पाण्याबद्दल आशा असलेला माणूस बरे वाटल्याचे सांगणारच, आणि तलावाचा खर्च पाहता शेकडो रुग्णांची चाचणी कोणी सहज हाती घेत नाही.

एकेका माणसाची गोष्ट या जागी किती वजनाची मानावी? सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यातली एक कण्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचारांच्या काळात त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाण्याने त्यांचे पाय परत दिले नाहीत, पण खांदे, छाती आणि जिद्द यांना वाव दिला. या कर्तृत्वापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. पुढच्या रुग्णाला किती फायदा होईल हे मात्र त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी चाचण्याच लागतात.

तलावात उतरण्याआधी

एक सत्र साधारण ३० ते ४५ मिनिटांचे असते, आठवड्यातून दोन-तीन वेळा, सहा ते बारा आठवडे. आधी कठड्याला धरून चालणे, मग आडवे आणि उलटे चालणे, एका पायावर उभे राहणे, हातांनी पाणी ढकलणे, शेवटी ताण सोडणे, असा क्रम असतो. प्रत्येक सत्रात काय वाढवले याची नोंद होते. बाहेर येताना पायऱ्यांवर सावकाश चढावे, कारण पाण्याचा दाब एकाएकी निघून गेला की रक्तदाब उतरतो आणि घेरी येऊ शकते. आधी आणि नंतर पाणी प्यावे.

काहींनी पाण्यात उतरूच नये: ताप असलेल्यांनी, उघड्या किंवा चिघळलेल्या जखमा असलेल्यांनी, ताब्यात नसलेली फिट येणाऱ्यांनी, शौचावर ताबा नसलेल्यांनी, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, हृदय दुबळे होऊन आडवे पडले तरी धाप लागणाऱ्यांनी. मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल तर तलावाच्या फरशीने झालेली खरचट कळतही नाही. अशांनी रबरी पादत्राणे घालूनच उतरावे. जुलाब झालेल्याने ते थांबल्यावरही काही दिवस तलाव टाळावा, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीन योग्य प्रमाणात असूनही दिवसेंदिवस जिवंत राहतो. कोमट पाण्यात क्लोरीन लवकर संपते आणि जंतू लवकर वाढतात, म्हणून उपचाराच्या तलावाची तपासणी साध्या तलावापेक्षा जास्त वेळा व्हायला हवी. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान लागतो.

वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, राजवाडी, उन्हवरे, उनपदेव इथल्या उष्ण झऱ्यांवर सांधे दुखणारी माणसे पिढ्यान् पिढ्या जात आली आहेत. उष्णतेने काही तास बरे वाटते, आणि त्यात गैर काही नाही. पण ते पाणी अनेकदा उपचाराच्या तलावापेक्षा बरेच गरम असते. हृदयरोग्याने, गरोदर बाईने आणि पायांची संवेदना गेलेल्या मधुमेह्याने त्यात उतरू नये. तिथे व्यायाम नाही, मात्रा नाही, नोंद नाही. म्हणून या प्रकरणातला कोणताही पुरावा त्या कुंडांना लागू होत नाही.

तलावातील उपचार सुरू करणाऱ्याने फिजिओथेरपिस्टला निदान, पाण्याचे तापमान आणि खोली याबद्दल विचारावे, आणि आणखी एक गोष्ट नक्की विचारावी: जमिनीवरचा व्यायाम कोणत्या आठवड्यात सुरू होणार? माणसाला स्वयंपाकघरात, जिन्यावर आणि बसच्या पायरीवर चालायचे असते, म्हणून चांगल्या आराखड्यात तलावाचे दिवस कमी होत जातात. ज्याला जमिनीवर वीस मिनिटे फारसे न दुखता चालता येते, त्याने तलाव शोधत थांबू नये, आजच चालायला लागावे. ज्याला ते जमत नाही, त्याला मात्र कोमट तलाव मिळायला हवा. जिल्ह्याच्या ठिकाणी नवे पुनर्वसन केंद्र उभे राहताना त्यात उतरत्या फरशीचा, आधाराचे कठडे असलेला आणि पाणी तापवण्याची सोय असलेला एक तलाव असावा, ही मागणी रुग्णांनी आणि डॉक्टरांनी मिळून करावी.